बीथोव्हेनची पाचवी, मुक्काम चिंचवड

२४ ऑगस्ट १९५८, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागे तीनदा बंद पडली ती माझ्या आळसामुळे नव्हे. लिहिण्याजोगे काही घडतच नव्हते. चिंचवडात काय घडणार? कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या विहिरीत बादली पडली.

आता घडले आहे. कंपनीत जर्मनीहून केलर साहेब आले आहेत. नवी यंत्रे बसवून देणार आणि जाण्यापूर्वी इथला एक माणूस वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी श्टुटगार्टला पाठवायला निवडणार. नोटीस लागली आहे. भोवती एवढी झुंबड की मला वरचा ‘जर्मनी’ हा एकच शब्द दिसला. तेवढा पुरे. हेडक्लार्क म्हणाला की जागा ड्रॉइंग ऑफिस आणि मशीन शॉपसाठी आहे, स्टोअर्सचा त्यात संबंध नाही. हा गृहस्थ दुसऱ्याचे चांगले कधी बोललेला मला आठवत नाही.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. काल केलर साहेब माझ्या स्टोअर्सच्या खिडकीशी पाना मागायला आले, तेव्हा शीळ घालत होते. तीन आखूड सूर, एक लांब. बीथोव्हेनची पाचवी सिंफनी. माझा हात पान्यावरच थांबला. मी मान डोलावली. त्यांनीही डोलावली. हजार माणसांच्या कारखान्यात शेवटी दोन माणसे निघाली.

श्टुटगार्टला मीच जाणार. हे फक्त इथे लिहून ठेवतो.

२६ ऑगस्ट. संध्याकाळ.

ही रोजनिशी मी कोणासाठी लिहीत नाही. तरी पुढे कोणी वाचलीच तर त्याला माहिती असावी म्हणून माझ्या पाचवीची हकीकत देतो.

खडकीच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या बटलरकडून मी चार तबकड्यांचा अल्बम घेतला. छपाई बर्लिनची. तबकडीची एक बाजू चार मिनिटांत संपते, म्हणून अख्खी सिंफनी आठ बाजूंवर. घरी आणला तो दिवस नेमका खंडेनवमीचा. सौ. रुक्मिणीबाईंना बार्शीहून येऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. त्या दिवशी प्रत्येकाच्या हत्याराची पूजा होते. मी क्लार्क असल्याने घरात हत्यार नव्हते, म्हणून तिने तबकड्या घेतल्या. मी आंघोळ करून येईपर्यंत चारही कोमट पाण्याने आणि शिकेकाईने धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून, ज्या त्या कप्प्यात परत ठेवलेल्या. ओरखडा एक नाही. मधली कागदी लेबले मात्र आठही निघून मोरीतून गेलेली. दोन दिवस मी अल्बम उघडला नाही.

पण अडून बसणारा माणूस मी नव्हे. स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. क्रम लावायला डोके लागत नाही. पहिल्या तबकडीची पुढची बाजू एक, पाठची दोन. दुसरीची पुढची तीन, पाठची चार. शेंबडे पोरही लावील.

तेव्हापासून आठ वर्षे ऐकतो आहे. माझ्याइतकी पाचवी ओळखणारा माणूस पुणे जिल्ह्यात नसावा.

३१ ऑगस्ट, रविवार.

आज पुन्हा संपूर्ण ऐकली. पोलादी पिन वापरत नाही, तबकडी झिजते. बाभळीचा काटा तासून लावतो. सौ. कडेला बसून काटे तासून देते. तेवढे तिला जमते.

बीथोव्हेनचे मोठेपण कशात आहे? पहिल्या बाजूला दारावर थापा. नियती आली. आता सामान्य संगीतकार काय करील? लढाई रंगवील आणि शेवटी जिंकवील. तमाशातसुद्धा असेच असते. बीथोव्हेन काय करतो? दुसऱ्याच बाजूला विजय. तुताऱ्या, नगारे, दणादण सगळे, आणि खाडकन पूर्णविराम. मग तिसऱ्या बाजूला पुन्हा लढाई. म्हणजे जिंकून झाल्यावर माणसाच्या लक्षात येते की लढायचे राहूनच गेले. आणि आठव्या बाजूला शेवट असा नाहीच. खालच्या स्वरात काहीतरी दबकत चालते आणि मध्येच थांबते. मुद्दाम. प्रश्न उघडा ठेवला आहे.

हे इथे कोणाला सांगू? घरमालकीण तानाबाईंना? त्या गोठ्यातून ओरडून म्हणाल्या की आवं उद्धवराव, ती दुसरी थाळी लागली की म्हस पान्हा सोडीत न्हाई, धार काढून झाल्यावर लावत जा की. ज्या देशात बीथोव्हेनने म्हशीची वेळ सांभाळायची, तिथे माझ्यासारख्याने राहू नये.

संकल्प: रोज पहाटे एक तास जर्मन. चहा एकच वेळ.

४ सप्टेंबर.

जर्मन सुरू. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. जेवायला बसलेल्या माणसाने एवढा विचार कधी करायचा?

चहा दोन वेळच ठेवला आहे. पहाटे उठायचे तर लागतो.

९ सप्टेंबर.

पहाटे उठणे प्रकृतीला मानवत नाही. जर्मन रात्री जेवणानंतर करावे.

आणि खरे म्हणजे भाषेचा प्रश्नच कुठे येतो. केलर साहेबांशी माझे नाते भाषेच्या पलीकडचे आहे. आज ते खिडकीशी आले तेव्हा मी पुस्तक बंद करून फक्त चार थापा टेबलावर दिल्या. त्यांनी चमकून पाहिले आणि इंग्रजीत म्हणाले की घाई नाही, उद्या दिले तरी चालेल.

१४ सप्टेंबर, रविवार.

आज यशवंतरावांकडे गेलो. जावे लागले. रेडिओ त्यांच्याकडे आहे आणि मुंबई केंद्रावरून पाचवी लागणार होती.

यशवंतराव म्हणजे ड्रॉइंग ऑफिसातले. मूळचे कऱ्हाडकडचे. कागदावर रेघा मारतात आणि संध्याकाळी पेटीवर भजने वाजवतात. ड्रॉइंगच्या बाबतीत केलर साहेब हल्ली त्यांच्या टेबलाशी तासन् तास उभे असतात. कोणाला काम समजावून सांगायला वेळ लागतो तो लागतोच.

रेडिओवरची पाचवी ऐकून माझे डोके फिरले. लंडनचा वाद्यवृंद. थापा बरोबर. मग विजय यायला हवा, तर नाहीच. आधी सगळी लढाई, मग संथ भाग सलग, मग ते दबकत चालणे, आणि विजय पार शेवटी. प्रेक्षकांनी टाळ्या पिटाव्यात म्हणून. केंद्रावरच्या माणसाने तबकड्या उलटसुलट लावल्या असाव्यात असे मी म्हणालो. यशवंतराव म्हणाले की राव, काय का असेना, शेवटाला काय दणकून उठवलंय, अंगावर काटा आला. त्यांच्या अंगावर काटा आला तेथेच मला त्या मुद्रणाची लायकी कळली.

घरी येताच मुंबई केंद्राला कार्ड टाकले. झालेल्या चुकीबद्दल श्रोत्यांची माफी मागावी असे सुचवले आहे. सौम्य भाषेत.

२७ सप्टेंबर, शनिवार. हाफ डे.

पुण्याला कॅम्पात गेलो. तिथे एका दुकानात रेकॉर्ड ऐकायला काचेची खोली आहे. लंडनचा आणखी एक संच मागवला, दुसरा कंडक्टर. उभ्याने संपूर्ण ऐकला.

पुन्हा तेच. विजय शेवटी.

आता खरा प्रकार ध्यानात आला. रेडिओ केंद्राची चूक नव्हती. (कार्ड गेले ते गेले. त्यांना एरवीही कोणीतरी बोलायला हवेच होते.) इंग्रज लोकांनी बीथोव्हेनची रचना सरळ बदलली आहे. इंग्रजांची जातच दुकानदाराची, गिऱ्हाइकाला शेवट गोड करून पुडी बांधून द्यायची. एकाने केले आणि बाकीच्यांनी री ओढली. बर्लिनवाला एकटा खरा. जर्मन माणूस आपल्या माणसाच्या कामात ढवळाढवळ करणार नाही.

हे मी दुकानदाराला सविस्तर सांगितले. तो म्हणाला की साहेब, घ्यायची आहे का? मी म्हणालो की असली पाचवी फुकट दिली तरी घेणार नाही. तेव्हा त्याने काचेचे दार उघडून धरले.

२ ऑक्टोबर. गांधी जयंती, सुट्टी.

ठरले. कंपनीचे सांस्कृतिक मंडळ निघत आहे. पहिला कार्यक्रम खंडेनवमीला, मशीनची पूजा झाल्यावर, कँटीनमध्ये. मी वर्क्स मॅनेजरना भेटून माझे व्याख्यान ठेवायला लावले: ‘बीथोव्हेनची पाचवी: बर्लिन आणि लंडन यांची तुलना.’ प्रात्यक्षिकासह. ते म्हणाले की मुलांना जड होईल, त्यामुळे नंतर यशवंतरावांची भजने ठेवू, म्हणजे लोक बसतील. ठेवा म्हणालो. भजनांनी माझे काय अडणार आहे?

केलर साहेब येणार आहेत. माझ्यासमोर हो म्हणाले. त्या दिवशी ते माझा लंडनवाल्यांवरचा हल्ला ऐकतील आणि विषय संपेल. जर्मनीला पाठवायचा तो माणूस जर्मनीसाठी उभा राहणारा नको?

सौ. ला सांगितले की बहुधा पुढचे वर्ष मी श्टुटगार्टला. तिने विचारले की मग मी? म्हटले, बार्शीला राहा. ती म्हणाली की बार्शीला थोरल्या जाऊबाई आहेत. हे मला माहीत आहे, थोरल्या वहिनी माझ्याच घरच्या आहेत. मग तिने विचारले की तबकड्या तिकडे नेणार की ठेवून जाणार? ठेवून गेलात तर मला चावी द्यायला शिकवून ठेवा. बायकांच्या मनात काय चालते सांगता येत नाही.

१८ ऑक्टोबर.

व्याख्यान बत्तीस पाने झाले. कमी करवत नाही. जर्मन थांबवले आहे, व्याख्यानामुळे. पुस्तकाचे सहावे पान उघडे आहे.

२१ ऑक्टोबर, खंडेनवमी.

अभूतपूर्व. घाईत लिहितो आहे, अक्षर वाईट येईल.

दुपारी पूजा. लेथला झेंडूचे हार, ड्रिलला हळदकुंकू. केलर साहेबांच्याही कपाळाला टिळा. मग कँटीन. सगळे कामगार आले, कारण पेढे व्याख्यानानंतर होते. सौ. आणि तानाबाई मागच्या बाकावर.

बत्तीसपैकी चार पानांवर वर्क्स मॅनेजरनी घड्याळ दाखवले. लंडनवाल्यांवरचा मुख्य हल्ला पाचव्या पानावर होता. असो. म्हटले, बीथोव्हेनच बोलू दे. ग्रामोफोनला चावी दिली. पहिली बाजू. थापा. केलर साहेब खुर्चीत पुढे सरकले. तबकडी उलटली. दुसरी बाजू. विजय. तुताऱ्या, नगारे आणि शेवटचे ते दणके.

दणके संपले आणि केलर साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यांचे पाहून सगळे उठले. साहेबांनी माझा हात दाबला, व्हेरी गुड, व्हेरी शॉर्ट म्हणाले आणि मॅनेजरबरोबर व्हरांड्यात चहाला गेले. लोक पेढ्यांकडे गेले. त्यांना वाटले संपले. मी ओरडून सांगितले की अजून सहा बाजू आहेत. कोणी ऐकले नाही. अडाणीपणाची हद्द.

मी थांबलो नाही. सौ. आणि तानाबाई बसून होत्या. तिसरी बाजू लावली, चौथी लावली. आणि मग घडले ते असे. केलर साहेब चहाचा कप हातात घेऊन दारात आले. चेहरा विलक्षण झालेला. पाचव्या बाजूला त्यांनी कप खिडकीत ठेवला. सहाव्या बाजूला रुमाल काढला. रडत होते. मी स्वतः पाहिले, खांदे गदगदा हलत होते, डोळे लाल, रुमाल तोंडात कोंबलेला. आठवी बाजू मध्येच थांबली, तेव्हा त्यांना भिंतीला टेकावे लागले.

जर्मन माणूस आणि जर्मन संगीत. परदेशात, एवढ्या महिन्यांनी, आपल्या माणसाची खरी रचना ऐकायला मिळाली. मला त्या क्षणी फार भरून आले. आठ वर्षांत माझ्यासाठी कोणी एवढे हलले नव्हते.

जाताना त्यांनी मला रविवारी बंगल्यावर चहाला बोलावले. सौ. सुद्धा. तबकड्याही घेऊन या म्हणाले.

यशवंतरावांची भजने झाली म्हणे. मी थांबलो नाही.

२३ ऑक्टोबर.

हेडक्लार्कला सांगून ठेवले की पासपोर्टला किती दिवस लागतात याची चौकशी कर. तो हसला. हसू दे.

संकल्प: श्टुटगार्टहून आल्यावर हेडक्लार्कशी पूर्वीसारखेच वागायचे. मोठेपणा दाखवायचा नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ.

लिहायचे नव्हते. पण सवय मोडू नये.

बंगला टुमदार. सौ. खुर्चीच्या कडेवर बसली. केलर साहेबांनी तिला दोन हात जोडून नमस्कार केला, स्वतः चहा ओतला. त्यांच्याकडे विजेवर चालणारा प्लेअर आहे आणि नव्या तऱ्हेच्या मोठ्या तबकड्या, एका तबकडीवर अख्खी सिंफनी मावते. त्यांनी पाचवी लावली. जर्मनीतच छापलेली.

थापा. मग लढाई. मग संथ. मग दबकत चालणे. विजय शेवटी.

मी म्हणालो की हीसुद्धा लंडनची नक्कल दिसते. साहेब म्हणाले की नाही, ही श्टुटगार्टची. मग मी म्हणालो की युद्ध हरलेल्या राष्ट्राचा आत्मविश्वास जातो, त्यामुळे असे होत असावे. हे त्यांना नीट समजले नसावे.

मग त्यांनी माझ्या तबकड्या हातात घेतल्या, माझ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि फार मऊ आवाजात समजावून सांगितले. साहेब लोकांकडे एक यंत्र असे. त्यात तबकड्या एकावर एक रचून ठेवायच्या. एक संपली की दुसरी आपोआप वर पडते, दुसरीवर तिसरी, तिसरीवर चौथी. चारही संपल्या की गठ्ठा तसाच उचलून उलटा करायचा, आणि मग पाठच्या बाजू वाजतात. त्यामुळे पहिल्या तबकडीच्या पाठीवर दुसरी बाजू नसते, शेवटची असते. दुसरीच्या पाठीवर सातवी. माझा अल्बम त्या यंत्रासाठी होता. लेबलावर आकडे छापलेले असतात, म्हणाले.

लेबले मोरीतून गेली ही हकीकत मी सांगितली नाही. सौ. खाली पाहत होती. इंग्रजी तिला येत नाही, पण साहेब हाताने गठ्ठा उलटा करून दाखवत होते ते तिने पाहिले.

साहेब पुन्हा हसले. त्या दिवशीसारखेच खांदे हलले. म्हणजे त्या दिवशी काय होते ते कळले. पण वाईट हसले नाहीत. म्हणाले की माझे मित्र श्टुटगार्टला दर शुक्रवारी जमून संगीत ऐकतात, हे त्यांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसणार नाही. या तबकड्या, या चिठ्ठ्यांसकट, कधी द्याव्याशा वाटल्या तर मला द्या.

विचार करतो म्हणालो.

परत येताना सौ. ने एवढेच विचारले की मी धुतल्या म्हणून झालं का? मी म्हणालो, हो. मला राग आला होता, आणि कोणावर तरी काढायला हवा होता.

२८ ऑक्टोबर.

साहेबांनी सांगितले तसे लावून पाहिले. दर चार मिनिटांनी उठायचे, तबकडी काढायची, दुसरी लावायची. आधी चारही पुढच्या बाजू, मग पाठच्या बाजू उलट क्रमाने.

सरळ आहे. आधी भांडण, मग समजूत, मग आनंद. कोणीही रचली असती. याला बीथोव्हेन कशाला हवा? माझ्या क्रमात जी हिंमत होती ती यात नाही.

वैज्ञानिक दृष्टीने पाहता साहेबांचे म्हणणे बरोबर असू शकते. पण मग एखादा माणूस आठ वर्षे ज्याच्यावर प्राण टाकत होता ते काय होते? त्याला काहीतरी नाव हवे. ही नवी रचनाच म्हणायची, आणि तिचा कर्ता शोधायला गेले तर बीथोव्हेनच्या जोडीला मीच सापडतो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.

निवडीची यादी उद्या लागणार. कारखान्यात दुसरा विषय नाही.

शांतपणे विचार केला. साहेबांना तबकड्या हव्या आहेत. त्यांनी मला दुखावले, याचे त्यांना मनातून वाईट वाटत असणार. अशा वेळी आपण पुढे होऊन तबकड्या दिल्या तर त्याला लाच म्हणता येणार नाही, तो दिलदारपणा. आणि यादी अजून त्यांच्या टेबलावर आहे.

सौ. नको म्हणाली. म्हणाली की आपल्याकडं ऐकायला दुसरं आहे काय? तिला म्हटले की श्टुटगार्टहून मी अशा पन्नास आणीन. ती म्हणाली की मला पन्नास कशाला? तिला दूरचे दिसत नाही.

अल्बम फडक्यात बांधून बंगल्यावर देऊन आलो. साहेब इतके खूश झाले की दोनदा हात मिळवला. यादीचा विषय मी काढला नाही. काढायची गरज नव्हती.

१ नोव्हेंबर, शनिवार.

यशवंतराव.

वर्क्स मॅनेजरना भेटलो. म्हणाले की उद्धवराव, ड्रॉइंग ऑफिसची जागा होती, नोटिशीत पहिल्या ओळीपासून तसं लिहिलं होतं, स्टोअर्सचा माणूस तिकडे जाऊन करणार काय? आणि यादी तर सोमवारीच मुंबईला गेली होती.

सोमवारी. मी तबकड्या शुक्रवारी दिल्या.

४ नोव्हेंबर.

यशवंतराव आले. मी मोठ्या मनाने त्यांचा पेढा खाल्ला. पेढा जुना होता.

ते म्हणाले की केलर साहेबांना विमानात वजन जास्त होतंय, म्हणून तुमच्या रेकॉर्डी बोटीनं माझ्याबरोबर देतायत. राव, फुटायच्या गोष्टी, मला भीती वाटते, तुम्हीच बांधून द्या. पॅकिंगचे काम स्टोअर्सचेच असते. मी देवदारी खोके काढले, भुसा भरला, प्रत्येक तबकडीला मेणकागद. चिठ्ठ्या शाबूत आहेत. खोक्यावर बाण काढून ‘धिस साइड अप’ लिहिले.

यशवंतरावांनी विचारले की तिकडच्या लोकांना काय सांगू, ही कोणाची म्हणून? मी म्हणालो की त्यांना ऐकल्यावर कळेल. त्यांनी वहीत लिहून घेतले. ड्रॉइंगवाल्यांना सगळे लिहून घ्यायची खोड असते.

म्हणजे एका अर्थाने पाहता चिंचवडहून श्टुटगार्टला माझेच काम चालले आहे. यशवंतराव फक्त हमाल.

१० नोव्हेंबर. दिवाळी.

अभ्यंगस्नान झाले. तानाबाईंनी फराळाचे ताट आणून दिले. म्हणाल्या की हल्ली बाजा वाजत न्हाई, म्हस बिचारी निवांत दूध देतीया, पर मला काय करमत न्हाई बगा. मी म्हणालो की ग्रामोफोन दुरुस्तीला टाकला आहे. तो पलंगाखाली होता.

संकल्प: नव्या वर्षापासून हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास. त्यात तरी तबकडीच्या बाजूंची भानगड कमी.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

यशवंतरावांची बोट काल सुटली.

घरात फार शांत आहे. मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. सौ. आत भाकऱ्या करत होती. थापता थापता तिने गुणगुणायला सुरुवात केली. आधी मला वाटले काहीतरी ओवी. मग ऐकले तर थापा. तीन आखूड, एक लांब. सूर पक्का, कुठे डगमग नाही. पहिली बाजू पुरी झाली आणि ती सरळ विजयात गेली. तुताऱ्या, नगारे, सगळे, परातीवर बोटांनी ठेका धरून. ते खाडकन संपवून पुन्हा लढाई. आठ वर्षे ती आत काम करत, काटे तासत होती आणि मी समजत होतो की घरात ऐकणारा मी एकटाच आहे.

मी आत गेलो आणि म्हणालो की चुकतेस. विजय शेवटी येतो. साहेबांनी सांगितलेले आठवत नाही का?

तिने मान हलवली. म्हणाली, बरं. आणि गुणगुणणे थांबवून पुढची भाकरी थापायला घेतली.

मी दारात उभा राहिलो. मग परत ओसरीवर येऊन वर्तमानपत्र धरून बसलो. मला तीच पाचवी ऐकायची होती, तिच्याच क्रमाने, आणि आता जगात ती आणखी कुठे मिळत नाही. थोड्या वेळाने आत जाऊन म्हणालो की म्हण पुन्हा, तुझ्या पद्धतीने म्हण, हरकत नाही. ती म्हणाली की आता नाही आठवत.

भाकऱ्या झाल्यावर जेवलो. रोजनिशी आजपासून बंद.